सईचं गाऱ्हाणं

माझं लग्न उशिरा झालं, मुलं त्याहून उशिरा झाली, आणि लोक ज्याला मोठं होणं म्हणतात ते तर चाळिशी उलटल्यावर, जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, हातात उलथणं धरून झालं. माझ्या स्वतःच्या शाळा-कॉलेजाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी वर्गात असायचो, एवढंच. पण सई सिनियर केजीत आणि पार्थ नर्सरीत होता ते वर्ष मला वासासकट आठवतं. भिजवलेल्या तांदळाचा वास, बुटांच्या पॉलिशचा वास, आणि पार्थच्या दप्तरात कुठेतरी हमखास सापडणाऱ्या कुजक्या केळ्याचा वास.

माझी बायको नीलिमा पालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती आणि तिची तेव्हा सकाळची ड्युटी चालू होती. ती उजाडायच्या आत घर सोडायची. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर दुसऱ्या पाळीला होतो. त्यामुळे सकाळ माझी आणि संध्याकाळ तिची, असं आमच्या संसाराचं वाटप झालं होतं. पोरांची स्केटिंग, ड्रॉइंग, कराटे ही सगळी धावपळ तिच्याकडे. उठवणं, दात घासून घेणं, डबे, वेण्या आणि व्हॅन माझ्याकडे. तिच्या मते तिच्या वाट्याला जास्त काम होतं. माझ्या मते ज्याने झोपलेल्या पार्थला मोजे घातलेले नाहीत, त्याने कामाबद्दल बोलूच नये. हा वाद अजून मिटलेला नाही.

घावणे मी त्याच वर्षी शिकलो. पीठ ताकाइतकं पातळ लागतं, तवा बिडाचा लागतो, आणि पहिला घावणा तव्याला चिकटतोच. तो माझा. दुसरा जाळीदार निघाला की तो सईचा, कारण तिला भोकं मोजायची असायची. शाळेने डब्याचं वेळापत्रक दिलं होतं, कुठल्या वारी पोळी-भाजी, कुठल्या वारी फळं, कुठल्या वारी इडली किंवा डोसा. घावणे कुठल्याच वारात बसत नव्हते, म्हणून मी ते डोसा या नावाखाली खपवत होतो. कोणी विचारलं असतं तर मी भांडायच्या तयारीत होतो, पण कोणी विचारलं नाही. वेण्यांचं मात्र माझं जमेना. मी इतक्या घट्ट घालायचो की सईच्या भुवया वर चढायच्या. आमचे आबा कॉटवर बसून बघत बसायचे आणि म्हणायचे, "चेडवाचे केस असत रे ते. गुराचा दावा न्हय."

आबा म्हणजे माझे वडील. गिरणीत आयुष्य गेलं, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली, आणि नातवंडं झाल्यावर त्यांनी घरी बसून त्यांना सांभाळायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मुंबईत पन्नास वर्षं काढून त्यांनी मालवणी सोडली नव्हती. गिरणीत सुपरवायझरशी, बँकेत मॅनेजरशी, दूधवाल्या भैयाशी, सगळ्यांशी ते मालवणीच बोलायचे आणि सगळ्यांना ते कळायचंही. आम्ही दोघं कामावर, त्यामुळे सई त्यांच्या मांडीवर बोलायला शिकली. साहजिकच मालवणी. "माका होया", "माका नको", "तू खय गेललंस?" आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. शेजारीपाजारी तिला मुद्दाम बोलतं करायचे.

आणि रोज सकाळी व्हॅनची वेळ झाली की आबा देवाच्या फळीसमोर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. देवापुढे नारळ ठेवून, हात जोडून, आपलं जे काही मागणं असेल ते खड्या आवाजात त्याच्या कानावर घालायचं, आणि दर मागण्याला मागच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. गावात गाऱ्हाण्याला बसवलेला माणूस असतो आणि मामला गंभीर असतो. आबांचं रोजचं गाऱ्हाणं घरगुती होतं. "बा म्हाराजा, आज पोरांची व्हॅन वेळेर येवंदे रे म्हाराजा!" सई आणि पार्थ एका सुरात, "व्हय म्हाराजा!" "बापसाक तेचो डबो विसरूक देव नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" तोवर खाली व्हॅनचा हॉर्न वाजायचा आणि मी दोघांना दोन बगलांत मारून जिना उतरायचो.

असं सगळं झकास चाललेलं असताना एक दिवस सईच्या क्लास टीचरनी मला बोलावून घेतलं. रेखा मॅडम त्यांचं नाव; सई त्याच वर्षी थेट सिनियर केजीत या शाळेत आली होती. बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगतो. वर्षभर बोलून बोलून त्यांचा घसा कायम बसलेला असायचा. लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत मला बसवून त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं सांगू कळत नाहीये. सई लिहिते छान, चित्रं छान काढते. पण मी अजून तिचा आवाजच ऐकलेला नाही."

मला वाटलं दुसऱ्या कोणाच्या सईबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "मॅडम, घरी ती गप्प बसत नाही हो. आम्ही हात जोडतो तिला."

"इथे एक शब्द नाही. पाणी हवं असलं तरी सांगत नाही. तहानलेली राहते. मुलांशीही नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "ओरल घ्यायचीय मला. काहीच बोलली नाही तर पहिलीत कसं पाठवू? मी सुचवेन की अजून एक वर्ष इथेच राहू दे. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका, असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय घेणार? मी छापखान्यात गेलो, मशीन चालू केलं, आणि पाळी सुटेपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत राहिलो. तहानलेली राहते. तिची पाण्याची बाटली दुपारी रिकामी यायची म्हणून मी खूश असायचो. बाटली संपल्यावर ती काय करत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे काही आठवडे आम्ही घरात जमेल ते सगळं केलं. नीलिमाने कान तपासून आणले. कान ठणठणीत होते. मी आइस्क्रीमची लालूच दाखवली, मग ओरडलो, मग ओरडल्याबद्दल पुन्हा आइस्क्रीम दिलं. सई घरी इंग्रजीत रंग सांगायची, वार सांगायची, महिने सांगायची, आणि शाळेत काय होतं असं विचारलं की भिंतीकडे बघायची. नीलिमा एकदा चिडून म्हणाली, "तुझ्यावर गेलीय, दुसरं काय! तू तरी कुठे बोलतोस चार माणसांत? लग्न ठरवायला आलास तेव्हा पण आबाच बोलत होते." तिचं खरं होतं. छापखान्यात मला आवडायचं त्याचं कारणच हे होतं की मशीनच्या आवाजात कोणी कोणाशी बोलू शकत नाही.

अशातच वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. सिनियर केजीची रेसिटेशन कॉम्पिटिशन, शाळेच्या हॉलमध्ये, पालकांसमोर. भाषा कुठलीही चालेल. दर मुलामागे एकाच पालकाला पास. मॅडमनी मला वेगळा फोन करून सांगितलं, "दोन ओळी जरी म्हणाली ना, तरी मी तीच तिची ओरल धरते. बघा प्रयत्न करून."

नीलिमाने फुलपाखरावरची एक इंग्रजी कविता पाठ करून घेतली. सईने ती एका संध्याकाळी हातवाऱ्यांसकट पाठ केली. मग नीलिमाने विचारलं, "शाळेत म्हणशील ना?" सईने मान हलवली, नाही. मराठी म्हणशील? नाही. मग रविवारी आम्ही सगळे घरी असताना ती जेवता जेवता, सोलकढीची वाटी तोंडाला लावून, मध्येच म्हणाली, "मी गाऱ्हाणा घालतंय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मला हसू आलं होतं, पण आबांना आलं नाही. त्यांनी भात कालवणं थांबवलं. "गाऱ्हाणा म्हणजे नाटक न्हय गो," ते म्हणाले. "खोटा घालूचा नाय. खराखुरा काय मागूचा आसात तरच घाल. देव ऐकत असता."

"माका मागूचा असा," सई म्हणाली.

"काय मागतलंस?"

"ता मी देवाकच सांगतलंय."

आबांनी पुन्हा भात कालवायला घेतला. परवानगी मिळाली होती. त्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. आबा देवाच्या फळीजवळून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी सई उभी राहायला लागली. नारळ तिच्या दोन्ही हातांत जेमतेम मावायचा. ती व्हॅनबद्दल मागायची, पार्थच्या सर्दीबद्दल मागायची, आणि मागे आबा, पार्थ, सुट्टी असली तर नीलिमा जोरात होकार द्यायचे. मी तव्याजवळून ओठ हलवायचो. शेवटचं खरं मागणं मात्र ती तालमीत घ्यायची नाही. ते राखून ठेवलेलं होतं.

पास एकच होता. आबांची फार इच्छा होती, पण गुडघे दुखत होते आणि शाळेचा हॉल चौथ्या मजल्यावर. नीलिमाला रजा मिळाली नाही. म्हणून मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ पिशवीत घालून. गेटवर सिक्युरिटीने पिशवी तपासली, नारळ बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्रॉप आहे." त्याने सोडलं. वर जाऊन मी नारळ सईच्या हातात दिला.

हॉल खच्चून भरला होता. स्टेजच्या कडेला पोरं ओळीने बसवलेली. कोणी सूर्यफूल झालेलं, कोणी छत्री, एक ट्रॅफिक सिग्नल होता आणि तो सारखा रडत होता. पालकांनी मोबाइल वर धरलेले. एकेक पोर यायचं, माइकसमोर दोन कडवी म्हणायचं, टाळ्या घ्यायचं आणि जायचं. सईची पाळी आली तेव्हा मी नारळाच्या रिकाम्या पिशवीची चौथ्यांदा घडी घालत होतो. ती आली. युनिफॉर्म, माझ्या हातच्या दोन ताठ वेण्या, लाल रिबिनी, आणि छातीशी धरलेला नारळ. हॉलमध्ये थोडी खसखस पिकली.

ती गप्प उभी राहिली. बराच वेळ. मॅडम विंगेतून हातानं खुणा करत होत्या. आणि मग आला. आवाज आला. "बा म्हाराजा! आज ह्या हॉलात जी काय पोरां-टोरां आणि तेंचे आवस-बापूस जमले असत, त्या सगळ्यांका बरा ठेव रे म्हाराजा!"

मॅडमचा हात तोंडावर गेला. वर्षभर न ऐकलेला आवाज माइकमधून हॉलभर घुमला होता. आणि सई थांबली.

पुढे काहीच नाही. ती थांबलीच. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारच्या बाई कळवळून म्हणाल्या, "भूल गयी बिचारी." मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, धीर देणाऱ्या टाळ्या, आणि त्या ऐकून सगळेच वाजवायला लागले. आता बस, छान झालं, ये खाली, अशा त्या टाळ्या होत्या. सई हलली नाही. ती हॉलमध्ये डोळे फिरवून शोधत होती, ओळीओळीने. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती विसरली नव्हती. ती होकाराची वाट बघत होती. कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, हे आम्ही सगळे जाणत होतो, आणि घरात होकार द्यायला सगळे होते म्हणून इथे तो कोण देणार, याचा एकाही शहाण्याने विचार केला नव्हता. तिने डोळ्यांनी मला गाठलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मी लहान असताना गावी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरच्या गणपतीपुढे आबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा अख्खी भावकी होकार द्यायची आणि मी नुसते ओठ हलवायचो. आवाज काढायची लाज वाटायची. पुढे मोठा झालो तरी तेच. लग्नात मंगलाष्टकांत तेच, मीटिंगमध्ये तेच. मशीनमागे उभा राहणारा माणूस मी. आणि आता मला या माणसांत, या मोबाइलांत, इस्त्रीच्या शर्टात ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. सई बघत होती. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा!"

केवढ्यानं ओरडलो ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंच्या हातातला फोन पडला. अख्खा हॉल माझ्याकडे वळला. आणि स्टेजवर माझी पोरगी हसली. हसली आणि नारळ सावरून पुढे सुटली.

"आमच्या व्हॅनचो टायर पंक्चर होवंक देव नको रे म्हाराजा!" मी: "व्हय म्हाराजा!" या वेळी मागून कुठूनतरी आणखी एक आवाज आला, जाडा, पुरुषी. वळून बघितलं तर शेवटच्या ओळीत टाय लावलेला एक गृहस्थ हात जोडून उभा होता. "आमच्या मॅडमचो घसो बसता, तो बरो कर रे म्हाराजा!" आता कडेला बसलेली पोरंच ओरडली, कारण पोरांना ओरडायला मिळालं की बाकी काही लागत नाही. सूर्यफूल ओरडलं, छत्री ओरडली, रडणारा सिग्नल ओरडला. मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. भाषेचा गंधही नसलेली माणसं होकार देत होती. हॉलचे पंखे हलले असतील.

मग सईने नारळ जरा वर धरला आणि तिचा आवाज खाली आला. "आणि म्हाराजा, पयल्या दिवशी मी माका पाणी होया म्हणलंय, तेव्हा जी पोरां माका हसली…"

तर हे होतं. एवढंसं. पहिल्या दिवशी तिने आपल्या भाषेत पाणी मागितलं होतं, पोरं हसली होती, आणि त्यानंतर तिने वर्षभर तोंड मिटून घेतलं होतं. घरी आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, त्यावर इथे हसले होते. आबा गाऱ्हाण्यात वाकड्या नजरेवाल्यांचा चांगला समाचार घ्यायचे, तेव्हा आता ही काय मागते ते ऐकायला मी पुढे वाकलो.

"…तेंका काय करू नको रे म्हाराजा," सई म्हणाली. "तेंका पण आमच्यासारख्या बोलूक येवंदे रे म्हाराजा!"

त्या "व्हय म्हाराजा"ला मी माझा स्वतःचा आवाजही ऐकू शकलो नाही, इतका तो मोठा होता. लोक उभे होते. टाय लावलेला गृहस्थ ढसाढसा रडत होता. त्याचं काय होतं कोण जाणे, मी विचारलं नाही. बक्षीस सूर्यफुलाला मिळालं आणि ते योग्यच होतं, कारण सूर्यफुलाचे उच्चार स्वच्छ होते. पण मॅडम माझ्यापाशी आल्या आणि बसलेल्या घशाने म्हणाल्या, "पहिलीची पुस्तकं घेऊन टाका." मी त्यांना काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक व्हयच म्हटलं असणार.

बाहेर पॅसेजमध्ये पाण्याच्या नळांपाशी सिनियर केजीची झुंबड उडाली होती. जो तो दुसऱ्याला ढकलत ओरडत होता, माका पानी होया, माका पानी होया. मध्ये सई उभी होती, वेण्या सुटलेल्या, आणि एका मुलाला दटावत होती, "पानी नाय रे, पाणी! परत म्हण." मुलगा परत म्हणाला. मी लांब उभा राहून बघत होतो आणि मला त्या क्षणी जगातलं दुसरं काहीही नको होतं. आज ती फोनवर इतकी बोलते की मी दार लोटून घेतो, तरीही हे लिहिताना सांगतो, त्या दिवसापुढे मला माझ्या आयुष्यातलं काहीच थोर वाटत नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. सईने एका दमात सगळं सांगितलं. सूर्यफूल, सिग्नल, मॅडमचा घसा. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला.

"पयला व्हय कोणी म्हटल्यान?"

"बाबान."

आबा माझ्याकडे वळले. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल. "तू?"

"हो."

"मोठ्यान?"

"माइकापेक्षा मोठ्यान!" सई म्हणाली.

आबा उठले. तिच्या हातातला नारळ घेतला, फळीवर ठेवला, गुडघे धरत परत येऊन बसले. मग दुसरीकडेच बघत म्हणाले, "येत्या चवथीक गावात गाऱ्हाणा तू घालूचा."

"आणि तुम्ही?"

"मी मागे ऱ्हवतंय. व्हय म्हणूक."

त्या चवथीला गणपतीपुढे मी उभा राहिलो. मागे सगळी भावकी होती, नीलिमा होती, सई आणि पार्थ होते. माझा आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, मग लागला. आणि माझ्या पहिल्या मागण्याला त्या सगळ्या माणसांत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणाले ते आमचे आबा.